गवती चहाचे तेल आणि जैतूची शेळी

पोशीर,
ता. ९ जानेवारी १९३५

चि. पोपट यास,

अनेक आशीर्वाद. तू आणि आई सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. आईंचा हिवताप हटला की नाही ते कळव.

तुझी ताई गेल्याला महिना होऊन गेला. शाळा सुरू केली आहे. घर आणि शाळा एकाच भिंतीला असल्यामुळे बाळाचे रडणे वर्गात ऐकू येते, ते सोयीचे आहे. आंघोळ शेजारच्या गोदाकाकू घालतात.

तुला लिहिण्याचे कारण वेगळे आहे. बाळाच्या तोंडात पांढरे आले आहे. आधी मला वाटले दूधच राहिले असेल. गोदाकाकूंनी फडक्याने पुसले तर निघाले नाही, आणि जोर केल्यावर खालून रक्त आले. जीभ, गाल, टाळू, सगळीकडे दह्याची कवडी चिकटावी तसे दिसते. दूध तोंडात घेते आणि सोडून रडते. कर्जतच्या दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी टाकणखार मधात घालून लावायला दिला. त्याने कमी होते आणि पुन्हा येते. बाळ वजनाला काहीच लागत नाही.

तू प्रयोगशाळेत डॉक्टर लोकांच्या हाताखाली आहेस. कोणाला विचारता आले तर विचार. आईंना यातले सांगू नकोस.

तुझा,
आबाजी

॥ श्री ॥

परळ, मुंबई
ता. १३ जानेवारी १९३५

ती. भावोजींस पोपटचा साष्टांग नमस्कार.

पत्र आले तेव्हा आई दारातच बसली होती. तिने तुमचे अक्षर ओळखले आणि "वाच" म्हणाली. मी मधल्या ओळी गाळून वाचायला गेलो, तर म्हणाली, "कागद एवढा भरलाय आणि तू एवढंच वाचतोस?" तेव्हा सगळे वाचावे लागले. माझा इलाज नव्हता. ताप उतरला आहे, पण अशक्तपणा फार आहे.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, हा बुरशीच्या कुळातला एक जीव आहे. पहाटे उतरवलेली ताडी दुपारपर्यंत फसफसते ना, ती ज्याच्यामुळे फसफसते त्याचाच हा चुलत भाऊ. इंग्रजीत यीस्ट म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी सूक्ष्मदर्शकात पाहिला आहे, अंडी मांडून ठेवावीत तसे दिसते, आणि एकाच्या अंगाला दुसरे फुटते. गोडावर तो वाढतो, म्हणून मध लावणे साहेबांना पसंत पडले नाही.

आता एक योगायोग सांगतो. आमच्याकडे हल्ली ताडीच्या यीस्टवरच काम चालले आहे, आणि साहेबांना झाडपाल्याच्या सुगंधी तेलांचा नाद आहे. कोणत्या तेलाने ताडी फसफसायची थांबते ते ते बघतात. मी काचा धुतो आणि बशा भरतो. साहेब म्हणाले, "तुझ्या भाचीसाठी हवं तर कामानंतर बशा मांड. काचा फोडू नकोस."

आईने निरोप सांगितला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो. "बाळाला दूध कसलं देतात ते विचार. आणि होळीपर्यंत तोंड बरं झालं नाही तर तिला मी इकडे आणणार. माझी मुलगी गेली, तिची मुलगी मी जाऊ देणार नाही."

तुमच्याकडे आसपास काय काय मिळते तेही लिहा. ओवा, तुळस, असे वासाचे काही.

आपला आज्ञाधारक,
पोपट

पोशीर,
ता. १९ जानेवारी १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

आईंना सांगणे की दूध शेळीचे देतो. शेळी वरच्या ठाकरवाडीतल्या जैतूची आहे. निरोगी आहे. तिला स्वतःचे एक पिल्लू आहे, तरी ती बाळाला नाही म्हणत नाही. बाळ रडले की ऐकून दोन शेते ओलांडून खाली येते. रात्रीही पडवीत असते. त्यामुळे दुधाची काळजी नाही, फक्त ते बाळाच्या पोटात जात नाही.

हल्ली दूध देताना ती अंग चोरते. त्याला काय करावे ते माहीत असल्यास कळव.

इथे ओवा बाजारात मिळतो. तुळस घरोघर आहे. निलगिरी माथेरानला असेल, इथे नाही. गवती चहा आपल्या परसात आहे. तो ठोंब तुझ्या ताईने लग्नानंतर माहेराहून, खालापूरहून आणून लावला होता, आईंनीच दिला होता. सध्या त्याची काय स्थिती आहे ते सांगता येत नाही. मी परसात गेलेलो नाही.

बाळ होळीपर्यंत बरे होईल असा प्रयत्न करू. तिला मुंबईस नेण्याचे आईंनी मनात आणू नये. तिथे तिच्या दुधाची सोय होणार नाही.

आबाजी

॥ श्री ॥

परळ,
ता. ३ फेब्रुवारी १९३५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचे नव्हते.

शेळीचे वाचले तर आईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "चांगली शेळी आहे." मलाही हेवा वाटला. आमच्या चाळीत माणसांना जागा नाही आणि तिकडे शेळीला पडवी. आचळांना लोणी लावा, भेगा पडल्या असतील.

आता कामाचे. काचेच्या बशीत बटाट्याचे पाणी, साखर आणि चायना ग्रास घालून खरवसासारखे थिजवतात. त्यावर यीस्ट पसरले की दोन दिवसांत पांढरी साय धरते. मी मधोमध एक भोक पाडून त्यात एकेक तेल घातले. जिथे तेल काम करते तिथे भोकाभोवती साय धरत नाही, चंद्राला खळे पडते तसे मोकळे वर्तुळ राहते. निलगिरीचे वर्तुळ अगदीच लहान आले. तुळशीचे बरे होते. लवंगेचे आणि ओव्याचे मोठे आले, पण साहेब म्हणाले ही दोन्ही तेले जहाल आहेत, तान्ह्या पोराच्या तोंडात नकोत. गवती चहाचे वर्तुळ बशीच्या काठापर्यंत गेले. मला वाटले मी यीस्ट पसरायचेच विसरलो, म्हणून पुन्हा केले. पुन्हा तसेच. मग एका बशीत तेल न घालता फक्त झाकणाला आतून पुसले. नुसत्या वासाने साय धरली नाही. साहेबांनी स्वतः येऊन पाहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला माझे नाव विचारले.

पण बाजारातले तेल बाळाला चालणार नाही. त्यात रॉकेल मिसळतात, एका बाटलीचा मला वासही आला. तेल स्वतः काढलेले हवे. दारू गाळतात तसेच काढायचे, खालच्या भांड्यात पाला आणि पाणी, वरून वाफ नळीने बाहेर. गार झाल्यावर तेल पाण्यावर तरंगते.

ठोंब कापावा लागेल, भावोजी. ताईने लावलेला आहे म्हणून लिहायला जड गेले. दुसरीकडचा मिळत असेल तर तो घ्या.

पोपट

पोशीर,
ता. १३ फेब्रुवारी १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

तेल काढले. सोबतच्या लहान शिशीत आहे. साहेबांना दाखव.

गाळायचे भांडे जैतूकडे आहे. मोहाला अजून अवकाश असल्यामुळे ते रिकामेच होते. मागायला गेलो तर त्याने मला बाजूला घेतले. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, दुख हाय ते मला म्हाईत हाय. पर तुमी नका लागू याच्या नादाला." औषधासाठी हवे आहे हे त्याला पटवायला वेळ लागला. पटल्यावर भांडे, वेळूची नळी आणि स्वतः असा सगळा सरंजाम घेऊन आला.

परसात गेलो. ठोंब वाळला असेल असे वाटले होते, पण कमरेइतका वाढला होता. कापून घेतला. मुळे तशीच ठेवली आहेत. एका ठोंबाचे तेल फार थोडे निघते असे जैतूने सांगितले, म्हणून गोदाकाकूंनी आणि आणखी चार घरांनी आपापला पाला दिला.

चूल शाळेच्या मागे मांडली होती. धूर आणि भांडे पाहून नेरळचा अबकारी शिपाई आला.

"काय मास्तर, शाळा सुटली वाटतं."

मी म्हणालो, "गवती चहा आहे."

"परवा एकानं ओवा हाय म्हणून सांगितलं होतं." त्याने नळीखाली बोट धरले, चाटले आणि थुंकला. मग भांड्याभोवती एक चक्कर मारली. "हे भांडं माझ्या ओळखीचं दिसतं."

जैतू म्हणाला, "मंग त्याला राम राम करा."

शिपायाला हसू आले. जाताना घशासाठी म्हणून मूठभर पाला घेऊन गेला.

तेल वर तरंगले ते कोंबडीच्या पिसाने टिपून घेतले. घरभर तो वास आहे. तुझी ताई संध्याकाळी चहा करायची तेव्हा असायचा तोच.

बाळ अशक्त आहे. तेल किती आणि कसे लावायचे ते लवकर कळव.

आबाजी

॥ श्री ॥

परळ,
ता. १७ फेब्रुवारी १९३५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

शिशी उघडली आणि प्रयोगशाळेतले सगळे मान वळवून बघायला लागले. साहेबांनी तेल पास केले. लहान मुलांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांशीही ते बोलले, त्यानंतरच हे लिहितो.

तेल तसेच लावायचे नाही. वाटीभर गरम करून गार केलेल्या खोबरेल तेलात दोन थेंब, जास्त नाही. आधी तुमच्या स्वतःच्या ओठाच्या आतून लावून रात्रभर थांबा. आग झाली तर आणखी खोबरेल घाला. मग बोटाला उकळलेले फडके गुंडाळून बाळाच्या तोंडात हलकेच फिरवा, घासू नका. दूध पाजायचे बोंडले रोज उकळा.

आई रोज विचारते, "होळीला किती दिवस राहिले?" मी पंचांग लपवले तर तिने शेजारून आणले.

पोपट

पोशीर,
ता. २६ फेब्रुवारी १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

पांढरे गेले.

माझ्या ओठाला आग झाली नाही. बाळाने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले, मग जिभेने चाखून पाहू लागली. चौथ्या दिवशी टाळू मोकळी दिसली. काल पोटभर प्यायली आणि पिता पिता झोपली. गोदाकाकू म्हणाल्या, "मास्तर, आज तुम्हीपण जेवा." मी जेवत नव्हतो असे नाही, पण त्यांना तसे वाटले असावे.

आज ती माझ्याकडे बघून हसली. तुझ्या ताईसारखी आधी उजव्या गालाने हसते.

साहेबांना माझा नमस्कार सांग.

आबाजी

पोशीर,
ता. ९ मार्च १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

पुन्हा आले. तेल लावले की जाते, दोन दिवस थांबलो की येते. दोनदा तसे झाले. बोंडले उकळतो, फडकी उकळतो, माझे हात राखेने धुतो. काय चुकते ते कळत नाही. होळी जवळ आली आहे. आईंना काय सांगायचे ते तू ठरव.

आबाजी

॥ श्री ॥

परळ,
ता. ११ मार्च १९३५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

साहेबांना पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, "औषध काम करतंय. पण चोर घरातच कुठेतरी बसला आहे. ती जागा शोधून काढ."

नेरळला उतरणाऱ्या एका ओळखीच्या गार्डाबरोबर चार उकळलेल्या शिशा पाठवतो. प्रत्येकीत कापूस गुंडाळलेली काडी आहे. एक काडी बाळाच्या तोंडात फिरवा, एक बोंडल्यात, एक तुमच्या बोटांवर आणि एक शेळीच्या आचळावर. लगेच बूच लावा आणि वर नाव लिहा. शिशा त्याच गार्डाकडे परत द्या. इथे मी त्या बशांवर फिरवीन. जिथे साय धरेल तिथे चोर.

आईला होळीनंतरचे आठ दिवस मागून घेतले आहेत. "आठच," म्हणाली.

पोपट

पोशीर,
ता. १४ मार्च १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

शिशा गार्डाजवळ दिल्या. सांगितल्याप्रमाणे नावे घातली आहेत. बाळ, बोंडले, आबाजी, शेळी.

आबाजी

॥ श्री ॥

परळ,
ता. १८ मार्च १९३५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

बशा पाहिल्या. बोंडल्याची कोरी. तुमची कोरी. बाळाची भरलेली, ते अपेक्षितच होते. आणि शेळीची बाळाच्या बशीइतकीच भरलेली. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या, जुळी भावंडे.

मी आनंदाने साहेबांकडे गेलो, चोर सापडला म्हणून. त्यांनी पाहिले, शिशीवरचे नाव वाचले आणि चष्मा काढला. म्हणाले, "पोपट, माणसाच्या तोंडातलं हे यीस्ट शेळीच्या आचळावर इतकं वाढलेलं मी आजवर पाहिलं नाही. तुझ्या मेव्हण्यांना विचार, शेळी कोणत्या जातीची आहे." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, पण मला काही समजले नाही.

तेव्हा विचारतो. शेळी कोणत्या जातीची आहे? वय काय? तिला बाळाचे रडणे ऐकून धावत येण्याची ही सवय कोणी लावली?

पोपट

पोशीर,
ता. २० मार्च १९३५

चि. पोपट यास आशीर्वाद.

शेळीचे नाव चिंधी. जैतूची बायको. वय बावीस-तेवीस असेल. तिला आठ महिन्यांचा मुलगा आहे, त्याचे नाव धोंडी.

तुम्ही मुंबईस गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाळ शेळीचे दूध, म्हणजे खऱ्या शेळीचे, ओकून टाकत होते आणि अखंड रडत होते. चिंधी लाकडाची मोळी विकायला आली होती. अंगणात उभी राहून तिने विचारले, "पोर का रडतंय?" तिने मोळी खाली टाकली, आत आली, गोदाकाकूंच्या मांडीवरून बाळ घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडणे थांबले. मोळी तशीच संध्याकाळपर्यंत अंगणात पडून होती. त्या दिवसापासून ती येते; बोंडले फक्त पाण्यापुरते राहिले. तिने विचारले नाही आणि मी बोलावले नाही.

हे तुम्हाला लिहायचे तर आपल्या घरातल्या मुलीला ठाकरणीचे दूध पाजतो असे लिहावे लागले असते. आईंनी त्याच दिवशी येऊन बाळ नेले असते. आणि अशा गोष्टी पत्रात कशा लिहितात हेही मला कळले नाही. म्हणून शेळी लिहिले. शिशीवरही तेच लिहिले. काडी चिंधीकडे जैतूने नेऊन दिली. त्याला सांगतानाही मी दुसरीकडे बघत होतो. तो म्हणाला, "मास्तर, तुमी पोरांना पाढं शिकवताना असंच बघता काय वो?"

तुझे पत्र आल्यावर चिंधीलाच सांगितले, गोदाकाकू मध्ये होत्या. तिच्या अंगाला भेगा पडल्या आहेत आणि पाजताना आग होते, गेले दोन महिने. मी विचारले, आधी का बोलली नाही. म्हणाली, "दुखतं म्हणून काय पोर उपाशी ठेवायचं?" धोंडीच्या तोंडातही थोडे पांढरे आहे, तेही आजच पाहिले. आम्ही सगळे एकाच तोंडात बघत होतो.

मी तिला शेळी केल्याचे कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मंग चाराबी घाला."

आता काय करायचे ते लिही. तेल पुरेसे आहे.

आबाजी

॥ श्री ॥

परळ,
ता. २३ मार्च १९३५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

पत्र मी जिन्यात उभे राहून वाचले आणि खिशात ठेवले. आईला म्हणालो, बाळ बरे आहे, शेळीलाही औषध लावायचे आहे. ती म्हणाली, "लाव म्हणावं. आधीच लावायला हवं होतं." आणि दुसरे काही विचारले नाही.

साहेबांना खरे सांगितले. हसले नाहीत. म्हणाले, हे असेच असते, तोंडातून अंगावर आणि अंगावरून तोंडात. एकाला बरे करून उपयोग नाही. तिघांनाही एकाच दिवशी सुरू करा, बाळ, चिंधीबाई आणि धोंडी. तिने पाजून झाल्यावर तेच खोबरेल मिसळलेले तेल लावायचे, आणि पुन्हा पाजण्याआधी उकळलेल्या पाण्याने पुसायचे. लोणी बंद. ते मी सांगितले होते, त्याचा राग मानू नये असे त्यांना सांगा. पांढरे गेले तरी पंधरा दिवस थांबायचे नाही. दोन्ही मुलांचे तोंड रोज उजेडात बघा.

भावोजी, मी असतो तर मीही शेळीच लिहिले असते.

पोपट

॥ श्री ॥

पोशीर,
ता. ५ मे १९३५

चि. पोपट यास अनेक आशीर्वाद.

तुला बारशाला रजा मिळाली नाही म्हणून सगळे लिहितो.

पांढरे गेले ते पुन्हा आले नाही, हे तुला मधल्या कार्डात कळवलेच होते. बाळाला मनगटावर वळी पडली आहे. चिंधीच्या भेगा भरल्या. धोंडी तेल लावताना बोट चावतो.

आईंना आणायला गाडी घेऊन नेरळला गेलो. वाटेत मी चिंधीचे कसे सांगावे ते जुळवत होतो आणि जुळले नव्हते. गाडी अंगणात थांबली. त्या उतरल्या, पाय धुतले आणि मला विचारले, "शेळी कुठे आहे?"

चिंधी पडवीतच बाळाला घेऊन बसली होती. आईंना पाहून उठायला लागली. आई म्हणाल्या, "बस. पाजताना उठू नये." मग तिच्यासमोर बसल्या आणि पिणाऱ्या बाळाकडे बघत राहिल्या. मी खांबाशी उभा होतो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रडणं ऐकून दोन शेतं ओलांडून येते ती शेळी नसते, एवढं मला शेळीच्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. म्हटलं, पोर पितंय ना, मग मास्तरांना शेळी म्हणू दे." तुझ्याबद्दल म्हणाल्या, त्याला काचेत बघावे लागले.

मग त्यांनी डबा उघडला. अळिवाचे लाडू होते. तुझ्या ताईच्या बाळंतपणासाठी त्यांनी अळीव घेऊन ठेवले होते ते तसेच राहिले होते. एक लाडू चिंधीच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाळंतिणीचा आहे. खा." चिंधी लाडवाकडे बघत बसली. मग खाल्ला. जैतू अंगणातून म्हणाला, "मावशी, शेळीच्या धन्याला काय नाय काय?" आईंनी त्यालाही दिला.

नाव ठेवायला आत्या हवी आणि मला बहीण नाही, हे तुला माहीत आहे. गोदाकाकू पुढे येतील असे वाटले होते. आईंनी बाळाला पाळण्यात घातले आणि चिंधीला म्हणाल्या, "कानात तू सांग."

"मी? मला तुमचं ते नाय येत."

"कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. त्यात काय येण्यासारखं आहे?"

नाव जयवंता ठेवायचे असे तुझ्या ताईच्या मनात होते. मुलगी झाली तर हेच, असे तिने एकदा चहा गाळता गाळता सांगितले होते. मी आईंना ते सांगितले, आईंनी चिंधीला. ती पाळण्यावर वाकली. कुर्र जरा जोरात झाले असावे, कारण बाळाने मोठे तोंड उघडून रडायला सुरुवात केली.

त्याबरोबर आई, गोदाकाकू, चिंधी, जैतू आणि मी, सगळेच एकदम पाळण्यावर वाकलो आणि तिच्या तोंडात बघू लागलो. सवयच लागली आहे. जीभ, गाल, टाळू, सगळे स्वच्छ गुलाबी होते. रडणे थांबवायचे कोणालाच सुचले नाही.

परसातला ठोंब पुन्हा हातभर वाढला आहे. जाताना आईंसाठी त्याचा एक फुटवा खालापूरला लावायला काढून देणार आहे.

तुझा,
आबाजी